बावीस पायऱ्या, पंचवीसचा कट्टा

खालाच्या घराच्या जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. अम्मानं मला त्या मोजायला पाठवलं तेव्हा मी दोनदा मोजल्या, एकदा चढताना आणि एकदा उतरताना. टेप लावून उंचीही घेतली. प्रत्येक पायरी साधारण आठ इंचांची आहे. बारा पायऱ्यांनंतर जिना वळतो आणि तिथं एक खुर्ची मावेल एवढी जागा आहे. लोखंडी कठडा एकाच बाजूला, चढताना डाव्या हाताला. खाली पूर्वी यंत्रमागाचा गाळा होता, म्हणून मजला उंच. हे सगळं मी घरी येऊन अम्माला नीट सांगितलं. तिनं फक्त पहिला आकडा ऐकला.

"बावीस," ती म्हणाली. "म्हणजे कट्ट्याला तीन कमी."

कट्टा म्हणजे पंचवीस विड्यांचा जुडगा. माझ्या आईनं अठ्ठेचाळीस वर्षं विड्या वळल्या आणि जगातली कुठलीही मोजता येण्यासारखी गोष्ट ती अजून पंचविसांत मोजते. लसणाच्या पाकळ्या, दळणाचे डबे, लग्नाला आलेली माणसं. मी स्वतः टॉवेलच्या कारखान्यात घडी आणि पॅकिंगच्या खात्यात आहे. तिथं सगळं डझनात चालतं. त्यामुळं आमच्या घरात दोन वेगवेगळे हिशेब कायम शेजारी शेजारी राहत आले आहेत आणि त्यांचं कधी भांडण झालं नव्हतं. या वर्षी झालं.

खाला म्हणजे मावशी, पण ही माझी नात्यातली मावशी नव्हे. आम्ही तेलुगू बोलणारे मागावरचे लोक आणि खाला गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मुसलमान घरातली. अम्मा सतराव्या वर्षी मैंदर्गीहून लग्न होऊन सोलापुरात आली, तेव्हा तिला घरातली तेलुगू आणि गावातली कानडी येत होती, मराठी येत नव्हती आणि विडी तर मुळीच वळता येत नव्हती. खाला तिच्याहून दोन वर्षांनी मोठी, तोवर दोन लेकरांची आई आणि गल्लीतला सगळ्यात जलद हात. तिनं अम्माला शिकवलं. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, म्हणून ती शिकवणी हातांनीच झाली. चुकलं की खाला बोटावर कात्रीची मूठ हलकेच मारायची, असं अम्मा अजून सांगते.

मला आठवतं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांचं. दुपारी अकराच्या पुढं आमच्या ओट्यावर सावली यायची आणि पाच-सहा बाया मांडीवर सुपं घेऊन बसायच्या. भिजवलेली पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली असायची. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवायचा, कडेनं कात्री फिरवायची, तंबाखू भरायची, वळायचं, दोऱ्यानं बांधायचं. बोलणं चालू असतानाही बोटं थांबायची नाहीत. मागच्या बाजूला मागांचा खडखडाट असायचा, त्यामुळं सगळ्या जरा मोठ्यानंच बोलायच्या. मी अजूनही ओल्या पानांचा वास कुठं आला तर मान वळवतो. हल्ली तो फारसा येत नाही.

संध्याकाळी माल कारखान्याच्या शाखेत न्यायचा. तिथं टेबलामागं चेकर बसलेला असायचा, समोर उघडी वही. तो कट्टे उलटेपालटे करायचा आणि न आवडलेल्या विड्या बाजूला टाकायचा. त्याला छाट म्हणायचे. जेवढी छाट निघाली तेवढ्या विड्या दुसऱ्या दिवशी भरून द्याव्या लागत. अपुरा कट्टा तर तो हातातही घ्यायचा नाही. चोवीस म्हणजे शून्यच. म्हणून अम्मा पदराला दहा-पंधरा विड्या जास्तीच्या बांधून न्यायची. खालाची छाट जवळजवळ निघत नसे आणि ती हे कुणालाही विसरू देत नसे.

"तेरी छाट से तो एक आदमी साल भर पियेगा गे," ती अम्माला म्हणायची.

"तुझा नवरा पितोय की," अम्मा म्हणायची.

दोघी एकमेकींना थोरली बहीण म्हणतात. खाला हिला अक्का म्हणते, ही तिला आपा म्हणते. एक खरंच थोरली आहे, पण तिनं ते कधी मान्य केलेलं नाही.

मी एकदा हिशेब केला होता. रोजचे आठ तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर अठ्ठेचाळीस वर्षांत अम्मा एक लाख पंधरा हजार दोनशे तास मांडी घालून बसली. खालाचे याहून जास्त भरतील. गुडघ्याचं दुखणं यामुळंच आलं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी वय, वजन, घराण्यातली हाडांची ठेवण अशी बरीच कारणं सांगितली होती. पण आकडा माझ्या डोक्यात राहिला.

आठ वर्षांपूर्वी खालाच्या घरच्यांनी चार गल्ल्या पुढं वरच्या मजल्यावर घर घेतलं. तेव्हा अम्मा चढायची, खाला उतरायची, फार फरक पडला नाही. मग खालाचा खुबा गेला, म्हणजे खुब्याचा सांधा झिजला, आणि ती वरच राहायला लागली. अम्माचे दोन्ही गुडघे दुखत होते, त्यात उजवा जास्त. मागच्या हिवाळ्यात ती शेवटची त्या जिन्यावर गेली आणि उतरताना मधेच गुडघा मुडपून पडली. त्यानंतर सात महिने दोघींची भेट नाही. अंतर चार गल्ल्यांचं. खालाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि अम्माला फोनवरचं तोंड बघायला आवडत नाही. ईदला खालाकडून खुरमा आला, आमच्याकडून शेंगापोळ्या गेल्या. ने-आण मी करायचो.

गणपती बसायच्या आदल्या आठवड्यात मी डबा परत आणायला गेलो, तेव्हा खालाच्या सुनेनं सांगितलं की दिवाळीच्या सुट्टीत पुण्याचा थोरला दीर येणार आहे, खालाला घेऊन जाणार आहे. तिकडं खुब्याचं ऑपरेशन करायचं आणि पुढं तिनं तिकडंच राहायचं. तिकडं लिफ्ट आहे.

हे मी घरी जेवताना सहज बोलून गेलो. अम्माचा हात भाकरीवरच थांबला.

"मग मला जायला पायजे," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "जिन्याला पायऱ्या किती हायेत रे? बघून ये की."

म्हणजे त्या पायऱ्यांची मोजणी ही अशी. हातात आठ आठवडे होते.

हाडांच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वीच व्यायाम सांगितला होता. एका कागदावर माणसांच्या आकृत्या काढलेल्या होत्या. तो कागद अम्मानं फ्रीजच्या पायाखाली घातला होता, कारण फ्रीज हलत होता. तिचं मत ठाम होतं. तिनं सगळं आयुष्य मागांच्या शेजारी काढलेलं. घासलेला भाग जपून वापरायचा, उगाच फिरवायचा नाही, एवढं तिला कळत होतं.

बंगळूरला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीनं फोनवर एक लिंक पाठवली. गुडघे आणि खुब्याच्या झिजेसाठी सहा आठवड्यांचा मराठी अभ्यासक्रम, घरबसल्या, फुकट. दर आठवड्याला एक धडा, त्यात तीन-चार छोटे व्हिडिओ, शेवटी एक फॉर्म. किती दिवस व्यायाम केला, किती वेळा केला, दुखणं शून्य ते दहामध्ये किती. मला तो बघताक्षणी आवडला. सगळीकडं रकाने होते.

पहिल्या धड्यात एक व्यायामतज्ज्ञ बाई बोलल्या. साधी साडी, मागं भिंतीवर कॅलेंडर. त्यांनी सांगितलं की सांधा म्हणजे यंत्राचा भाग नव्हे. यंत्र वापरून झिजतं, पण सांध्यातल्या कूर्चेला हालचालीतूनच पोषण मिळतं. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार ते उचलतात. थोडं दुखलं तर घाबरायचं नाही, मात्र दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पहिल्याइतकं खाली यायला हवं. आलं नाही तर व्यायाम जास्त झाला असं समजायचं.

अम्मानं सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग माझ्या बायकोला विचारलं, "ही बाई स्वतः कधी जिना चढती का?"

"रोज चढत असतील, अत्ता. बारीक हायेत की," बायको म्हणाली. आमच्यात सासूला अत्ता म्हणतात.

फॉर्ममध्ये विचारलं होतं, तुम्हाला काय साधायचं आहे? खाली पर्याय होते: अर्धा तास चालणे, जिना चढणे, खाली बसून उठणे. मी दुसऱ्यावर बोट ठेवलं. अम्मा म्हणाली, "नुसता जिना लिहू नको. बावीस लिही." तिथं आकडा लिहायला जागा नव्हती. मी 'इतर' असं लिहिलेल्या रकान्यात लिहिलं, बावीस पायऱ्या, सात आठ आठवड्यांत.

उजवा-डावा पाय वेगळा धरला तर व्यायाम तीनच होते. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, दहा वेळा. पलंगावर पाय पसरून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्यानं ती दाबून पाच अंक धरायची, दहा वेळा उजव्या पायानं, दहा वेळा डाव्या पायानं. अशा दोन फेऱ्या, रविवारी सुट्टी. आमच्या घरात टॉवेलला कमी नाही. कारखान्यातला किनार बिघडलेला एक तीस बाय साठचा टॉवेल मी घेतला, घट्ट गुंडाळला, दोन ठिकाणी बांधला. जाडी साडेचार इंच भरली. अम्मानं तो उलटून पाहिला आणि म्हणाली, "हा तर तुमचा छाट माल."

मी एक नवी वही केली. पानावर आडवे दिवस, उभे तीन व्यायाम आणि शेवटी दुखण्याचा रकाना. कारखान्यातून सहाला आलो की हातपाय धुऊन टेबलाशी बसायचो, अम्मा समोर खुर्चीवर बसायची.

"व्यायाम झाला?"

"व्हय."

"सगळा?"

"सगळा."

"दुखणं किती? शून्य ते दहा."

"दोन."

मी लिहायचो. दहा, दहा, दहा, दोन फेऱ्या, दोन. पंधरवडाभर वहीत एकही रकाना रिकामा नव्हता. रविवारी मी ते आकडे फॉर्ममध्ये भरायचो आणि तिकडून उत्तर यायचं, छान चाललं आहे. मला खरं सांगायचं तर अम्माच्या गुडघ्याइतकाच त्या वहीचा आनंद होता.

तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. "अहो, अत्तांचा उजवा गुडघा बघा एकदा. साडी जरा वर घेतली तेव्हा दिसला मला. नारळासारखा झालाय."

मी जाऊन बघितला. टेप आणून दोन्ही गुडघ्यांचा घेर घेतला. उजवा डाव्यापेक्षा सव्वा इंचानं मोठा होता. हात लावला तर गरम.

"हे कधीपासून?"

"आता सुजतंय थोडं. वापरात आलं की सुजणारच," अम्मा म्हणाली.

मी वही उघडली. वहीप्रमाणं दुखणं दोन होतं. सूज यायचं काही कारण वहीत नव्हतं. मला वाटलं अभ्यासक्रमच चुकीचा आहे. तसं लिहून पाठवायच्या बेतात होतो. दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. सकाळी मी बाहेर पेपर वाचत बसलो होतो आणि आतून अम्माचा मोजण्याचा आवाज आला. ती नेहमी तेलुगूत मोजते.

इरवै मूडु. इरवै नालुगु. इरवै ऐदु.

तेवीस, चोवीस, पंचवीस. मी पेपर खाली ठेवला. आत गेलो तेव्हा ती खुर्चीला धरून उभी होती, धाप लागलेली. शेजारच्या स्टुलावर एका बाजूला चिंचोक्यांचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला एकच चिंचोका वेगळा काढलेला. कट्टा पुरा झाला की एक चिंचोका बाजूला काढायचा, ही विडीच्या दिवसांतली तिची पद्धत.

"अम्मा, पंचवीस?"

"हा पहिला. अजून एक राहिलाय."

"त्यांनी दहा सांगितल्यात."

"दहाचा कट्टा कुटं असतो का?" ती म्हणाली. माझ्याकडं तिनं असं बघितलं की मी कारखान्यात इतकी वर्षं काय शिकलो असं तिला वाटत असावं. "दहावर सोडलं तर ते अर्धवट काम. कोण घेईल?"

मी खाली बसलो आणि विचारत गेलो. ती पहिल्या दिवसापासून प्रत्येक व्यायामाचे दोन कट्टे करत होती. शिवाय उठताना हात खुर्चीला लागला, किंवा टॉवेल पाच अंक पुरा दाबला गेला नाही, तर ती खेप तिच्या हिशेबात छाट. ती मोजायची नाही. तिच्या बदली वर दुसरी करायची. "एखाद्या दिवशी सात-आठ छाट निघायच्या," ती म्हणाली. "सगळ्या भरून दिल्या की मी."

तज्ज्ञ बाईंनी सांगितल्याप्रमाणं तेरा दिवसांचे सातशे ऐंशी व्हायला हवे होते. तिनं एक हजार नऊशे पन्नास केले होते, छाट वेगळी. मी वहीत सातशे ऐंशी लिहून ठेवले होते, आणि ते सगळे सारख्या अक्षरात.

"आणि दुखणं?" मी विचारलं. "खरं किती होतं?"

"सात. रात्री आठ."

"मग मला रोज दोन का सांगितलंस?"

"तू वही घेऊन बसायचास की रे समोर." तिनं टॉवेलची गुंडाळी उचलून मांडीवर ठेवली, अगदी सूप ठेवतात तशी. "वही घेऊन बसलेल्या माणसाला कुणी दुखतंय म्हणून सांगतं का? तो म्हणणार, मग उद्यापासून येऊ नको."

माझी खुर्ची, मधलं टेबल, उघडी वही, हातात पेन. चेकर असाच बसायचा. लहानपणी मी अम्माबरोबर शाखेत जायचो तेव्हा तिचा हात धरून टेबलाच्या या बाजूला उभा असायचो. तिचा आवाज तिथं नेहमी एवढाच लहान व्हायचा. व्हय. सगळा. दोन. पंधरा दिवस मी तो आवाज ऐकत होतो आणि मला तो ओळखू आला नव्हता. तेरा दिवस ती एकटी त्या खुर्चीशी झगडत होती, कारण बावीस पायऱ्या तिला हव्या होत्या, आणि मी सुवाच्य अक्षरात खोटं लिहीत होतो.

त्या दिवशी मी अभ्यासक्रमाला सविस्तर लिहिलं. आधीचे आकडे चुकीचे आहेत, खरे अंदाजे असे आहेत, चूक नोंद घेणाऱ्याची आहे. कट्ट्याचंही लिहिलं, जरी ते वाचून कुणाला काय कळेल याची मला शंका होती. संध्याकाळीच उत्तर आलं. दोन दिवस हे व्यायाम बंद, बर्फाचा शेक, घरातल्या घरात थोडं चालणं. सूज किंवा गरमपणा उतरला नाही तर डॉक्टरांना दाखवा. उतरल्यावर एकच फेरी, आठ वेळा.

सूज तिसऱ्या दिवशी उतरायला लागली. अम्माचं मन मात्र आठावर उतरेना.

"आठ म्हणजे काहीच न्हाय. त्यापेक्षा नको."

बायको चपात्या लाटत होती. तिथूनच म्हणाली, "अत्ता, एका दिवसात एक कट्टा चालेल का? एका बैठकीत नाही, दिवसात."

मला हे सुचायला हवं होतं. सकाळी आठ, दुपारी आठ, संध्याकाळी नऊ. बेरीज पंचवीस. मी तसं विचारून घेतलं, तिकडून होकार आला. छाटीचंही ठरलं. नीट न झालेली खेपसुद्धा मोजायची, आणि भरून द्यायची असेल तर दुसऱ्या दिवशी, त्याच दिवशी नाही. अम्मानं यावर विचार केला. शाखेतला नियमही तोच होता, म्हणून तिला तो पटला.

टेबलावरची वही मी उचलून कपाटात ठेवली. स्टुलावर एक स्टीलची वाटी ठेवली. दिवसभरात जेवढं दुखेल तेवढे चिंचोके अम्मानं स्वतः वाटीत टाकायचे, शून्य ते दहा. मी घरी आलो की विचारायचं काही नाही. वाटी बघायची. पहिल्या दिवशी वाटीत सहा होते. ती समोरच बसली होती, पण भिंतीकडं बघत होती. कपाटाशी उभं राहून सहा लिहिलं. पुढच्या आठवड्यात पाच, पाच, चार, एक दिवस परत सहा, मग चार. दसऱ्याच्या आसपास तीन दिसायला लागले. त्या तिनावर माझा विश्वास होता.

चौथ्या धड्यात जिना आला. चढताना आधी बरा पाय वर, मग दुखरा. उतरताना आधी दुखरा पाय खाली, मग बरा. हात कठड्याला. आमच्या ओट्याला तीन पायऱ्या आहेत. अम्मानं लगेच हिशेब मांडला, सात वेळा तीन म्हणजे एकवीस आणि वर एक. मी म्हणालो, आपली पायरी सात इंचांची आहे आणि तिथली आठ. बावीसला आठ म्हणजे एकशे शहात्तर इंच. आपल्या तिन्ही मिळून एकवीस. आठ फेऱ्या करूनही आठ इंच उरतात, म्हणून नऊ.

"पायरी म्हंजे पायरी," ती म्हणाली.

"इंच म्हणजे इंच," मी म्हणालो.

रोज थोडं थोडं वाढवत, मधे खुर्चीवर बसत, ती नवव्या फेरीपर्यंत आली. गल्लीतले लोक विचारायचे, अम्मा वर-खाली काय करताय? ती म्हणायची, "परीक्षा हाय." संध्याकाळी ती ओट्यावर एकेक पाऊल मोजून टाकायची आणि मी खाली उभा असायचो, तेव्हा त्याच ओट्यावरच्या बाया मला दिसायच्या, सुपं घेऊन बसलेल्या. त्यांतल्या आता दोघीच उरल्या आहेत. एक माझ्यासमोर होती.

दिवाळी चार दिवसांवर असताना आम्ही गेलो. खाला तिसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती. रिक्षानं जिन्याच्या तोंडाशी सोडलं. मी एक घडीची खुर्ची बरोबर घेतली होती, ती आधी वळणावर ठेवून आलो. अम्मानं डाव्या हातानं कठडा धरला, डावा पाय वर टाकला आणि मोजायला सुरुवात केली. मी एक पायरी मागं. बारा झाल्यावर ती खुर्चीत बसली. मी घड्याळ बघितलं, चार मिनिटं बसली. उरलेल्या दहा एका दमात.

वर दारात खाला होती. सुनेनं तिला काठी देऊन उभं केलं होतं. ती बरीच वाळली होती. दोघींनी एकमेकींना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"आई क्या?" खाला म्हणाली. "मेरी मय्यत कूच आती बोलके समजी मैं."

"मेलीस की तुला खालीच आणतील आपा," अम्मा म्हणाली. "त्याला मी कशाला चढू?"

खाला हसायला लागली तशी काठी हलायला लागली. सुनेनं तिला धरून आत नेलं.

दोघी आत खुर्च्यांवर बसल्या. मला ते काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं आणि थोड्या वेळानं कारण कळलं. सत्तावन्न वर्षांची ओळख, पण मी या दोघींना कधी खुर्चीवर समोरासमोर बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या नेहमी जमिनीवर असायच्या आणि माना सुपात असायच्या. आता हातांना काही काम नव्हतं. खालाचा अंगठा तर्जनीवर आपोआप फिरत होता.

चहा झाला. ऑपरेशनचं बोलणं झालं. खाला घाबरलेली आहे हे तिनं सांगितलं नाही. तिनं एवढंच विचारलं की भूल दिली की स्वप्नं पडतात का. अम्मानं कप खाली ठेवला. ती म्हणाली, "ते नंतरचं. आधी पायात जोर आण. मी शिकवते."

मी मधे पडून सांगितलं की खुब्याचा धडा वेगळा आहे, सगळे व्यायाम तेच नाहीत, आणि पुण्याच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय करू नका. फोनवर तो धडा उघडून सुनेला पाठवलाही. खुर्चीवरून उठण्याचा व्यायाम दोन्हीकडं होता. अम्मानं तो करून दाखवला, हात छातीशी बांधून. खालाचे डोळे तिच्या गुडघ्यांवर होते. शिकणारीचं ते बघणं होतं.

"कित्ते करना?"

"सकाळी आठ, दुपारी आठ, सांजच्याला नऊ."

खालानं मनात बेरीज केली आणि मान हलवली. "कट्टा पूरा होता देख. पन आठ आठ लेको गए तो चेकर लेगा क्या?"

"घेतो," अम्मा म्हणाली आणि माझ्याकडं बोट केलं. "आता चेकर घरचाच हाय. सुदारलाय."

तासाभरानं आम्ही उठलो. दोघींनी निरोप असा घेतलाच नाही. खाला म्हणाली, उतरताना नीट. अम्मा म्हणाली, व्हय. उतरताना मी पुढं, ती मागं, कठडा उजव्या हाताला. उजवा पाय आधी, मग डावा. मी मागं वळून बघत नव्हतो, फक्त मोजणं ऐकत होतो. नववीला आवाज जरा अडखळला, मग पुढं गेला. खाली रस्त्यावर पोचल्यावर ती थांबली. चेहरा घामेजला होता, पण श्वास ठीक होता.

"नववी छाट झाली," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"डावा पाय आधी पडला."

"पडू दे. काही झालं नाही ना?"

"झालं न्हाय, पण छाट ती छाट." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि वर, जिन्याच्या तोंडाकडं बघितलं. "भरून द्यायला पायजे. उद्या यायला लागंल."

त्याच दिवशी भरून द्यायची नाही, दुसऱ्या दिवशी, हा नियम मीच मान्य केला होता. खालाला जायला अजून एक पुरा दिवस होता. मी रिक्षावाल्याला उद्या चारला यायला सांगितलं.

घरी आल्यावर वाटीत चार चिंचोके पडले. मी कपाटातून वही काढली आणि उभ्यानंच लिहिलं: दुखणं चार. वर बावीस, खाली एकवीस.